एक पाय हौद्यात, एक पाय गादीवर

काट्यावर आकडा स्थिरावला : ५१.३००. काट्यापाशी बसलेल्या शिक्षकांनी मान हलवली आणि पोरगा खाली उतरला. गट ५१ किलोचा, तीनशे ग्रॅम जास्त. वजनं संपायला अजून थोडा वेळ होता. त्यानं अंगात दोन स्वेटर चढवले, वरून रेनकोट घातला आणि भुरभुरत्या पावसात क्रीडासंकुलाभोवती पळत सुटला. आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात दोन घोट पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. मागून त्याचा जोडीदार ओरडत होता, “थुकत पळ रं, थुकत!” थुंकूनही काही ग्रॅम उतरतात, हे तालमीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

आत रांग पुढं सरकत होती. वजन झालं की डॉक्टर नखं बघत, पाठीवर-मानेवर नायट्याचे चट्टे आहेत का ते तपासत. कुणाची नखं वाढलेली निघाली की एकच नेलकटर रांगभर फिरे. जिल्हास्तरीय शालेय कुस्ती, १७ वर्षांखालील मुलं, फ्रीस्टाइल. तालुक्यात जिंकलेली पोरं इथं येतात. इथं जिंकणारा विभागाला जातो आणि विभागातला राज्याला.

‘माती’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी चैत्रातच कळवला होता. कोल्हापूरकडच्या माणसाला माती म्हटलं की शेताच्या बरोबरीनं हौदा आठवतो. म्हणून शहराच्या कडेला असलेल्या एका तालमीत जाऊ लागलो, यात्रांच्या मैदानांत तिथल्या पोरांमागं फिरलो आणि पावसाळ्यात त्यांच्यासोबत या हॉलात येऊन बसलो. पोरं अल्पवयीन आहेत, म्हणून त्यांची, तालमीची आणि वस्तादांची नावं इथं देत नाही. विषय मातीचा असला, तरी तो समजायला गादीपाशी यावं लागलं. आज तालमीतलं प्रत्येक पोरगं एकाच अंगानं दोन वेगळ्या कुस्त्या लढतं, आणि त्या दोन्हींचा मेळ घालता घालता तालमीचा जीव मेटाकुटीला येतो.

हौद्यातली पहाट

पहाटे चारला तालमीचा दिवा लागतो. मारुतीपुढं उदबत्ती लावली की पहिलं काम हौदा उकरण्याचं. रात्रीतून दबलेली माती दोघं-तिघं फावड्यानं खालीवर करतात. हा व्यायामच आहे. खांदे, कंबर, मनगट, सगळं त्यात निघतं. पाहुण्याला वाटतं ही शेतातली लाल माती इथं आणून टाकली असेल. पण हौद्याची माती बनवावी लागते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती मुरवतात. नीट मुरलेली माती भाकरीच्या पिठासारखी मऊ लागते आणि मुठीत धरली तर क्षणभर आकार धरते. हळद-कापूर खरचटलेल्या अंगासाठी आणि तेल-ताक धूळ उडू नये म्हणून.

मग जोर, बैठका, सपाटे, दोर. त्यानंतर लढत. वस्ताद हौद्याच्या कठड्यावर बसतात, आवाज फारसा चढवत नाहीत. एखाद्याची मान खाली गेली की नुसतं “मान!” म्हणतात. पोरं एकमेकांच्या पाठीवर, दंडावर माती टाकतात. घामानं निसटणारी पकड मातीनं बसते. मातीत पाय रुततो, त्यामुळं प्रत्येक चाल थोडी सावकाश होते आणि पुढं सरकायला मांडीचा जोर लागतो. अंगावर शंभर किलोचा गडी पडला असताना श्वास धरून खाली टिकायचं कसं, हे इथं शिकायला मिळतं. मोडलेले कान आणि जाड झालेली मान ही या शाळेची खूण.

व्यायामानंतर थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत घोटायची आणि दुधात कालवायची. थोरल्या पैलवानाची थंडाई धाकट्यानं घोटायची, हा रिवाज अजून टिकून आहे. तालमीत राहणाऱ्या पोरांना घरून पीठ, तूप येतं. दूध आणि मटण मात्र विकतच घ्यावं लागतं. खुराकाचा हिशेब वस्ताद तोंडी सांगत नाहीत, पण पोरांच्या बापांच्या बोलण्यातून कळतो. एका पैलवान पोराचा महिन्याचा खर्च म्हणजे घरातल्या उरलेल्या सगळ्यांचा खर्च. त्यातला बराचसा यात्रेतून निघावा, अशी घरची अपेक्षा असते.

पाठ लागली की कुस्ती झाली

गुढीपाडव्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि तालमीचा हंगाम लागतो. दुपारी उन्हं कलली की पोरं जीपमध्ये, टेम्पोत, दुचाकीवर तिघं-तिघं बसून मैदानाकडं निघतात. मैदान म्हणजे नांगरून, पाणी मारून, सारखा केलेला गावाकडेचा तुकडा. त्याच्याभोवती माणसांचं रिंगण, एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला माइक धरलेला निवेदक.

इथं वजनाचा काटा नसतो. जोड नजरेनं लागते. पंचकमिटीतली दोन जाणती माणसं पोरांच्या रांगेतून फिरतात, खांद्याला खांदा लावून उंची बघतात, दंड चाचपतात, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा विचारतात आणि दोघांचे हात एकमेकांत देतात. एका तालमीची दोन पोरं कधी एकमेकांवर लावत नाहीत. जोड पसंत नसेल तर वस्ताद नाही म्हणू शकतो. तोडीस तोड असेल तर निवेदक माइकवरून “काटा जोड!” अशी हाळी देतो. सर्वांत लहान पोरं नारळावर लढतात, मग पन्नास-शंभराच्या कुस्त्या, आणि अंधार पडता पडता वर्गणीतून जमलेल्या मोठ्या इनामाची पहिल्या नंबरची कुस्ती.

निकालाचा नियम एकच : पाठ. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती झाली. तोवर कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. म्हणून मातीत खडाखडी लांबते. खाली गेलेला गडी पोटावर झोपून, हातपाय पसरून, मातीला बिलगून राहतो. वरचा घिस्सा घालून बघतो, मोळी बांधून बघतो, एकलंगी भरतो. पंच कुस्ती मैदानाच्या कडेला गेली की दोघांना ओढून मध्ये आणतात. हल्ली मोठ्या कुस्त्यांना वेळ बांधून देतात आणि वेळ संपली की गुणांवर सोडवतात, पण त्याला प्रेक्षकांची दाद मिळत नाही. निकाली कुस्ती झाली की लोक आत घुसतात, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात आणि रिंगणातून फिरवतात. दहाच्या, वीसच्या, शंभराच्या नोटा त्याच्या हातात कोंबल्या जातात. एका मैदानात तालमीतल्या बारा वर्षांच्या पोरानं ढाक लावून आपल्यापेक्षा वीतभर उंच पोराला आस्मान दाखवलं. त्याला इनामापेक्षा फेरीतच जास्त पैसे मिळाले. ते त्यानं मोजले नाहीत, वस्तादांच्या हातात दिले.

“पाठ कुठं लागली?”

स्वेटर घालून पळालेलं पोरगं शेवटच्या पाच मिनिटांत वजनात बसलं. ग्लुकोजचं पाणी, दोन केळी, आणि दीड तासानं त्याची पहिली कुस्ती. लाल कॉस्च्यूम, आत खोचलेला रुमाल. त्याचा बाप सकाळच्या एसटीनं आला होता. डोक्याला फेटा. स्वतः एके काळी यात्रा गाजवलेला गडी. तो पुढच्याच बाकावर बसला.

शिट्टी झाली. मातीत करतो तशी पोरानं सावकाश खडाखडी सुरू केली. समोरच्यानं तेवढा वेळ दिलाच नाही. खाली वाकून एकेरी पट काढला, मागं गेला, पोरगं पोटावर आलं. दोन गुण. सवयीनं ते गादीला बिलगलं. समोरच्यानं त्याचे दोन्ही पाय घोट्याशी एकमेकांत अडकवले आणि अंग फिरवलं. फितले डाव. पाठ क्षणभर गादीकडं वळली, टेकली नाही. आणखी दोन गुण. पकड तशीच होती. पुन्हा फिरवलं, पुन्हा दोन. चार वेळा फिरवल्यावर फलकावर आकडे लागले १०–०. पंचांनी शिट्टी वाजवली आणि निळ्या बाजूच्या पोराचा हात वर केला. सगळा खेळ मिनिटभरात आटोपला होता.

बाप उठून उभा राहिला. “पाठ कुठं लागली?” तो शेजारच्याला विचारत होता, मग पंचांकडं बघून मोठ्यानं, “पोराची पाठ लागली न्हाई, मग हारलं कसं?” वस्तादांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

त्याचा प्रश्न मातीच्या हिशेबानं बरोबर होता. गादीवर चीतपट अजूनही आहेच. दोन्ही खांदे टेकून धरले की कुस्ती तिथंच संपते. पण तिथवर पोचायची गरज पडतेच असं नाही. खाली आणून मागं गेलं की दोन गुण, पाठ गादीकडं वळवली की दोन, उचलून टाकलं की चार, वर्तुळाबाहेर ढकललं की एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की तांत्रिक श्रेष्ठतेवर निकाल. मोठ्यांना तीन मिनिटांचे दोन डाव, या वयोगटाला दोन-दोन मिनिटांचे, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. लढायला टाळाटाळ करणाऱ्याला समज मिळते, तीस सेकंदांची मुदत मिळते आणि त्यात गुण घेता आला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. खाली पडून वाट बघत बसलं तर पंच उठवून उभे करतात. मातीतला संयम गादीवर टाळाटाळ ठरतो, आणि पोटावर बिलगून राहणं हा मातीतला सर्वांत भक्कम बचाव म्हणजे फितले आणि भारंदाज लावणाऱ्याला दिलेलं आमंत्रण.

पंचांचं कामही त्यामुळं बदलतं. मातीत पंच निकाल बघतो. गादीवर तीन माणसं प्रत्येक क्षणाचा हिशेब मांडतात. आतल्या पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टा, दुसऱ्यावर निळा. ज्याला गुण त्याच्या रंगाचा हात वर, बोटं गुणांइतकी. बाहेरचे दोघं ते मान्य-अमान्य करतात. तरी शेवटी सगळ्यांत मोठं भांडण खांद्यांवरूनच पेटतं. २०२५च्या सुरुवातीला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या लढतीत चीतपटीच्या निर्णयावरून चिडलेल्या मल्लानं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली. त्या वागण्याचं समर्थन तालमीत कुणी करत नाही, पण पाठ लागली की नाही हा वाद आला की सगळी तालीम अजून हातातलं काम सोडून गोळा होते.

खाशाबांनी फेडलेलं कर्ज

कोल्हापूरची कुस्ती म्हणजे माती, हे छत्रपती शाहू महाराजांनी घडवलेलं चित्र. त्यांनी मल्लांना राजाश्रय दिला, देशभरातले पैलवान इथं आणले आणि १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. हौदा खोलात, भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे कुठंही बसलं तरी कुस्ती दिसणार. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींचा दबदबा त्या मातीत वाढला.

पण जगाशी गाठ पडली ती गादीवर. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. तिथं ते सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन लढतींमध्ये नियमानं मिळायला हवी होती ती विश्रांती मागायला त्यांच्या बाजूनं कुणी अधिकारी हजर नव्हता, असं आजही सांगितलं जातं. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि इनामाच्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं.

वस्ताद ही गोष्ट प्रत्येक नव्या पोराला सांगतात, पण पदकाशी थांबत नाहीत. त्यांचा भर शेवटच्या वाक्यावर असतो. गादीवर मिळवलेल्या पदकाचा खर्च मातीनं भरून दिला. आजही तालमीचा ताळेबंद त्याच वाक्यावर चालतो. यात्रेचं इनाम खुराक भागवतं. गादीवरचं प्रमाणपत्र पुढं सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी उपयोगी पडतं. पोलिसात, रेल्वेत, सैन्यात जाऊन लागायचं तर रस्ता गादीवरूनच जातो.

मातीतून गादीवर जाणं अशक्य नाही, हेही इथल्या लोकांनीच दाखवलं. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि मोतीबागेत घडलेले गणपतराव आंदळकर या दोघांनी फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत उतरून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि पुढच्याच वर्षी जागतिक कांस्य मिळवलं. महाराष्ट्र केसरीनंही मधला मार्ग काढला आहे. माती आणि गादी असे दोन विभाग वेगळे लढतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी किताबासाठी एकमेकांसमोर येतात.

गादीनं एक दार मात्र असं उघडलं, जे हौद्यानं कधी उघडलं नव्हतं. बहुतेक जुन्या तालमींत बाईला हौद्यात पाय टाकायला बंदी होती. गादी हॉलात पसरली, तिला ते सोवळंओवळं नव्हतं. मुरगूडसारख्या ठिकाणी मुलींची पिढी तयार झाली आणि २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. तिथं सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं किताब जिंकला. या हॉलात शेजारच्या गादीवर मुलींचे गट चालू होते. तालमीची पोरं मधल्या वेळेत तिकडं जाऊन बसत आणि एखादीचा भारंदाज बसला की गप्प होऊन पुढं सरकत. पोरींच्या हालचालीत मातीची सवय नव्हती. त्या गादीवरच शिकलेल्या होत्या, आणि ते दिसत होतं.

काठ

६५ किलोच्या अंतिम लढतीत तालमीचं सर्वांत तयार पोरगं उतरलं. पहिल्याच डावात दुहेरी पट काढून दोन गुण घेतले. मग समोरचा त्याला रेटत राहिला. हे पाय रोवून मागं सरके आणि दर वेळी टाच वर्तुळाबाहेर पडे. एक गुण. पुन्हा एक. शेवटच्या दहा सेकंदांत तिसरा. २–३. पोरगं एकदाही खाली आलं नव्हतं, तरी हरलं.

कारण तालमीच्या भिंतींतच होतं. स्पर्धेची गादी बारा मीटर बाय बारा मीटरची, तिच्यावर नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ आणि त्याच्या आतल्या कडेला मीटरभर रुंदीचा रंगीत पट्टा. पट्ट्यात पाय आला की मल्लानं सावध व्हायचं. तालमीची अख्खी इमारतही बारा मीटरची नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गादीचे अर्धे तुकडे टाकलेत, त्यांच्याभोवती वर्तुळ नाही, पट्टा नाही, तीन बाजूंना भिंत. हौद्याला कठडा. मैदानात माणसांचं रिंगण, आणि कडेला गेलं की ओढून आत आणणारे पंच. पोरानं आयुष्यात कधी काठावर सरावच केला नव्हता. पट, ढाक, कलाजंग त्याला येत होते. रेषा कुठं आहे हे पाठीला कळणं, हेच येत नव्हतं.

४८ किलोत निराळाच पेच झाला. शाळा वेगळ्या, तालीम एक. जोड इथं नजरेनं लावत नाहीत, लॉट्स टाकून लागते. उपांत्य फेरीत तालमीतली दोन पोरं एकमेकांसमोर आली. एकाच मेसमध्ये जेवणारी, रोज पहाटे एकमेकांवर माती टाकणारी. दोन्ही बाजूंना आपापल्या शाळेचे क्रीडाशिक्षक बसले. वस्ताद कुठल्याच बाजूला बसले नाहीत. चहा प्यायला बाहेर गेले आणि टपरीवर पाठ करून उभे राहिले. निकाल सांगायला गेलेल्या पोराला त्यांनी आधी विचारलं, “लागलं न्हाई ना कुणाला?” जिंकलेल्यानं दुपारी अंतिम लढतही मारली. तालमीला मिळालेलं एकमेव पहिलं स्थान तेच.

वहीतली नावं

विजेत्याचं प्रमाणपत्र शाळेच्या नावानं निघालं. प्रवेशिका शाळेची, सही मुख्याध्यापकांची, फोटोत क्रीडाशिक्षक. त्यात शाळेची काही चूक नाही. ही स्पर्धाच शालेय आहे. पण ज्या हौद्यात हे पोरगं घडलं, ज्या मेसमध्ये जेवलं, त्याचं नाव लिहायला त्या कागदावर रकाना नाही. वस्ताद सांगतात, गादीसाठी मदत मागायला जावं तर पहिला प्रश्न येतो, तुमचे किती खेळाडू जिल्ह्याला, राज्याला खेळले? कागदाप्रमाणं उत्तर शून्य.

विजेत्याला आता विभागीय स्पर्धेपर्यंत मातीतल्या मैदानांपासून दूर ठेवायचं ठरलंय. हात-खांदा दुखावला तर सगळं वाया. म्हणजे दसऱ्यानंतरची त्याची इनामं बुडणार. त्याच्या बापाला हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न खुराकाचा होता, आणि तो रास्त होता. तोड अशी निघाली की थोरल्या पैलवानांच्या इनामातून तालमीला येणाऱ्या वाट्यातून या पोराचं दूध-बदाम भागेल. १०–० हरलेलं पोरगं मात्र मैदानं मारणार आहे. त्याचा बाप त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हॉलात थांबला, चार-पाच कुस्त्या बघून गुणांचा हिशेब शिकला आणि जाताना म्हणाला, पोराला पायाचा बचाव शिकवा, पोटावर पडायचं बंद करा.

तालमीत गेल्या आठवड्यात दोन बदल झाले. मागच्या मोकळ्या जागेत फक्कीनं नऊ मीटरचं वर्तुळ आखलंय आणि आत मीटरभर दुसरी रेघ. संध्याकाळी तिथं दोन मिनिटांचं घड्याळ लावून नुसती रेटारेटी चालते. पाऊस रेघ पुसून टाकतो, पोरं पुन्हा आखतात. दुसरा बदल म्हणजे एक जाड वही. पोराचं नाव, शाळा, वजनगट, स्पर्धा, निकाल आणि शेवटच्या रकान्यात तालमीत दाखल झाल्याची तारीख. जुन्या पोरांना फोन करून प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मागवणं चालू आहे. पोलिसात लागलेले, सैन्यात गेलेले, शिक्षक झालेले असे बरेच निघतायत. पुढच्या अर्जाला ही वही जोडायची आहे. मागणी तुकड्यांची नाही, पूर्ण मापाच्या गादीची आहे, आणि ती मावेल एवढ्या शेडची.